मॉडेलवर बसलेला हात खऱ्या पद्मिनीवर चालेल का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. आजोबांकडे १९६९ची फियाट डिलाइट होती, ती तुमच्या लहानपणीच विकली गेली. तुम्ही बरीच वर्षं १:२४ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी मॉडेलं बनवता. त्या डिलाइटचं मॉडेल करायचं मनात आहे, पण किट मिळत नाही. अशात ठाण्यात एक १९८६ची प्रीमिअर पद्मिनी, म्हणजे त्याच फियाटचा पुढचा अवतार, विकायला आली आहे आणि मालक म्हणतो, "गाडी एकदम ओके आहे, फक्त कलर करायचा बाकी आहे." ती घेऊन, चिपळूणला गावच्या घरासमोर ठेवून, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने उभी करता येईल का, आणि मॉडेल बनवण्याचा अनुभव त्यात किती कामाला येईल, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात जुन्या गाड्यांचं पत्र्याचं आणि जोडणीचं काम करतो आणि मॉडेलं शाळेत असल्यापासून बनवतो. त्यामुळे दोन्हीकडून सांगू शकतो. अनुभव कामाला येतो, तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा जास्त येतो, पण तुम्हाला वाटतोय त्या ठिकाणी नाही.

त्याआधी एक गोष्ट. तुमच्या प्रश्नात दोन इच्छा एकात एक गुंतल्या आहेत. एक बनवण्याची आणि एक बाळगण्याची. माझ्याकडे येणाऱ्या लोकांत दोन्ही प्रकार असतात. काहींना गाडी सुट्या भागांत पडलेली असते तोपर्यंतच रस असतो. ते दर शनिवारी येतात, एकेक नट स्वतः घासतात, आणि गाडी रस्त्यावर आली की वर्षभरात विकून पुढची शोधतात. दुसऱ्यांना रविवारी सकाळी घरच्यांना बसवून लोणावळ्यापर्यंत जाऊन यायचं असतं. त्यांच्यासाठी गॅरेजमधला प्रत्येक महिना म्हणजे वाया गेलेला महिना. दोघांचंही प्रेम खरं आहे. पण पहिल्याने अर्धी सडलेली गाडी घेतली तर तो सुखी होईल आणि दुसऱ्याने घेतली तर त्याचा गाड्यांवरूनच जीव उठेल. दुसऱ्याने थोडे जास्त पैसे मोजून चालती, पासिंग झालेली, एका हातात नीट वापरलेली गाडी घ्यावी.

तुम्ही कुठल्या बाजूचे आहात हे मी सांगू शकत नाही, पण तुमच्या कपाटावरून तुम्हाला कळेल. पूर्ण झालेली मॉडेलं तुम्ही काढून बघता, पुसता, जागा बदलता? की शेवटचं डिकॅल, म्हणजे चिकटवायचं चित्र, बसलं की पुढचं खोकं उघडता? आणि अर्धवट सोडलेली किती आहेत? अर्धवट मॉडेल खोक्यात बंद करून ठेवता येतं. अर्धवट पद्मिनी घरासमोर उभी राहते आणि उभ्याउभ्या आणखी सडते.

आता अनुभवाचं. सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्याकडे आधीच आहे ती म्हणजे नजर. चांगला मॉडेल करणारा बॉडीवर प्राइमर मारल्यावर ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरतो आणि प्रकाशाची रेघ दारावरून कशी सरकते ते बघतो. रेघ कुठे तुटली, कुठे लाटली, तिथे पॉलिशपेपर परत फिरतो. खऱ्या गाडीचा पत्रा मीही असाच वाचतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात मागच्या दिव्याजवळ उकिडवं बसायचं आणि गाडीच्या अंगाशी डोळा लावून पुढे बघायचं. समोरच्या इमारतीच्या खिडकीची कड पद्मिनीच्या दारावर सरळ दिसली पाहिजे. ती नागमोडी दिसली की रंगाखाली पुट्टी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप आहे. गिऱ्हाइकांना हे दाखवायला मला वेळ लागतो. मॉडेल करणाऱ्याला एकदा दाखवलं की पुरतं.

दुसरी गोष्ट, रंगाआधी जुळवून बघण्याची सवय. किटमध्ये आपण गोंद लावण्याआधी सगळे भाग कोरडे बसवून बघतो. गाडीतही हाच नियम आहे आणि गॅरेजमध्ये तो सर्रास मोडला जातो. दारं, बॉनेट, डिकी बिनरंगाच्या अवस्थेत टांगून, नव्या रबरासकट बंद करून, फटी सारख्या करून घ्यायच्या. मग उतरवायचं आणि मग रंग. घाईत आधी रंग आणि मग जुळवणी केली की नव्या रंगावर हातोडी चालवायची वेळ येते. गाडीवरची चार मिलिमीटरची फट १:२४ मध्ये जेमतेम ०.१७ मिलिमीटर होते. ती फट सरळ यावी म्हणून तुम्ही रेषा कोरायचा स्क्राइबर घेऊन तासन् तास बसला असाल. असा माणूस दाराच्या बिजागरीला वेळ देईल याची मला खात्री आहे.

तिसरी, सुटे करताना नोंद ठेवण्याची शिस्त. प्रत्येक स्क्रू पिशवीत, पिशवीवर नाव, काढण्याआधी फोटो. फक्त इथे एक मोठा फरक आहे. किटच्या खोक्यात सगळे भाग असतात आणि कागदावर क्रम छापलेला असतो. जुन्या गाडीत मधल्या तीस-चाळीस वर्षांत कितीतरी मिस्त्रींचे हात लागलेले असतात. कुठे टॅक्सीचा स्टार्टर, कुठे दुसऱ्याच गाडीचा हॉर्न, वायरिंगचे रंग भलतेच. तुमच्या फोटोत जे दिसेल ते मूळ आहे असं समजून परत तसंच बसवू नका. शेजारी एखादी न छेडलेली पद्मिनी बघायला मिळवा.

आता जिथे मॉडेलचा अनुभव चालत नाही ते. प्लास्टिक गंजत नाही.

फियाट ११०० आणि तिच्यापासून आलेल्या पद्मिनीला वेगळी चेसी नसते. बॉडी हीच चेसी. अ‍ॅम्बेसेडर तशीच. स्टँडर्ड हेराल्डला मात्र खाली स्वतंत्र चेसी असते, वरचे पत्रे बोल्ट काढून सुटे होतात, म्हणून शिकायला हेराल्ड जास्त सोपी. पद्मिनीत दारांखालचा पोकळ पट्टा, ज्याला गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात, तो गाडीचा भार उचलतो. तो आतून सडला तर गाडी मधून खचते. वरून चकचकीत रंग असला तरी.

म्हणून "फक्त कलर करायचा बाकी आहे" हे वाक्य ऐकलं की मी आधी जॅक मागतो. रनिंग बोर्डच्या जॅकच्या जागी खाली फळी घालून, मागचं चाक जेमतेम सुटेल इतकी गाडी उचला. कुरकुर असा पत्रा चुरगळल्याचा आवाज आला तर लगेच थांबा, तपासणी तिथेच संपली. आवाज नाही आला तर गाडी उचललेली असतानाच त्या बाजूचं पुढचं दार उघडून बंद करा. जमिनीवर नीट लागणारं दार आता अडखळलं, किंवा वरची फट मिटून खालची उघडली, तर बॉडी वाकते आहे. असं तपासताना कुठलाही अवयव गाडीखाली घालायचा नाही आणि बाकीच्या चाकांना दगड लावायचे.

मग फडक्यात गुंडाळलेला चुंबक घ्या. रनिंग बोर्डची खालची कड, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ, दारांचा खालचा चार बोटं भाग, काचेच्या रबराखालची चौकट, आणि मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बॉडीला जिथे धरलेल्या असतात ती जागा. चुंबक जिथे पकड सोडतो तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. चटई उचलून फ्लोअर बघा, आणि डांबराचा ताजा जाड थर दिसला तर का मारला ते विचारा. गाडी पूर्वी टॅक्सी होती का तेही विचारा. सीएनजीची टाकी बसवलेली असेल तर डिकीच्या तळाला भोकं पाडलेली असतात आणि तिथून पाणी शिरत राहतं. आणि चिपळूणच्या माणसाला हे सांगायला नको, पण २२ जुलै २०२१च्या पुरासारख्या पाण्यात राहिलेली गाडी वरून कितीही धुतली तरी दारांच्या पोकळीत आणि रनिंग बोर्डमध्ये गाळ बसलेला असतो. दाराच्या तळाच्या भोकात तार घालून बघा. तारेला बारीक, मऊ माती लागली तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या.

इंजिनाची मला इतकी काळजी वाटत नाही. १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन, ते बांधणारे मिस्त्री अजून आहेत, आणि बोअर, रिंग-पिस्टन, क्रँक, हेड यांचा खर्च आधी कागदावर मांडता येतो. पत्र्याचा येत नाही. जुना रंग खरवडल्यावर काय निघेल ते रंग खरवडल्यावरच कळतं. माझ्या हातून गेलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये अंदाज चुकला तो पत्र्यातच चुकला. म्हणून दोन गाड्या समोर असतील, एक चालू इंजिनाची पण सडलेली आणि दुसरी बंद पडलेली पण कोरडी, तर डोळे मिटून दुसरी घ्या.

सुट्या भागांचं गणित मात्र बदलतंय. पद्मिनी इतकी वर्षं स्वस्तात जगली ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. हजारो टॅक्सी रोज चालत होत्या, म्हणून ऑपेरा हाउसच्या दुकानांत, कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत माल हलत होता. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३पासून रस्त्यावरून गेली. तेव्हापासून दुकानदार नवीन माल भरत नाहीत, असलेला संपवतात. ब्रेकचे सिलिंडर, वॉटर पंप, क्लच प्लेट, हँडगिअरच्या (स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या) जोडांचे बुश, काचांची रबरं हे गाडी घेतल्याबरोबर जास्तीचे घेऊन ठेवायचे. बंपर, जाळी, दिव्यांच्या रिंगा यांसाठी चोर बाजार आणि ओळखीपाळखी.

स्वतःच्या हाताने काय करावं? सुटं करणं, साफसफाई, गंज खरवडणं, सीट, दारांच्या आतले पुठ्ठे, क्रोमच्या पट्ट्या, वायरिंग, कार्बोरेटर साफ करणं हे सगळं तुम्ही करा, उत्तम कराल. रनिंग बोर्ड आणि फ्लोअरचं वेल्डिंग जाणत्या पत्रेवाल्याकडे द्या, कारण कापण्याआधी बॉडीला आतून आधार द्यावा लागतो, नाहीतर ती कापल्या जागी वाकते आणि मग दार कधीच लागत नाही. ब्रेक तुम्ही बसवलेत तरी जाणत्याकडून तपासून घेतल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका.

आणि रंग स्वतः मारू नका. तुमचा एअरब्रशवरचा हात चांगला असणार, म्हणूनच मुद्दाम सांगतो. गाडीच्या टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसाला कायमचं नुकसान करू शकतात, आणि साधा मास्क त्यांना अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि नीट बूथ लागतो. घासाघासी, प्राइमरनंतरचं ब्लॉक सँडिंग (ठोकळ्यावर पेपर लावून घासणं), शेवटचं पॉलिश हे तुम्ही करा. खरं फिनिश तिथेच येतं, हे तुम्हाला मॉडेलवरून माहीतच आहे.

आता माझी सूचना. ही पद्मिनी घ्यायची की नाही हे ठरवण्याआधी आजोबांच्या डिलाइटचं मॉडेल करायला घ्या. गाडी नको म्हणून मॉडेल, असं मी सुचवत नाहीये. मापं घेण्यासाठी तुम्हाला एखाद्या खऱ्या गाडीच्या खाली-वर, आत-बाहेर टेप घेऊन फिरावं लागेल, आणि तेवढ्यात तुम्हाला ही बॉडी कुठे जोडली आहे, कुठे दुमडली आहे, पाणी कुठून शिरतं आणि कुठून निघायला हवं, हे पाठ होईल. ठाण्याच्या मालकाला विचारा की दोन रविवार मापं घेऊ द्याल का. देणारा मालक असेल तर गाडीही बहुतेक लपवाछपवीची नसते.

डिलाइट आणि पद्मिनीचा मूळ सांगाडा एकच. कुर्ल्याच्या प्रीमिअरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं तोच निघत राहिला. बदलत गेले ते जाळी, बंपर, दिवे, पट्ट्या आणि डॅशबोर्ड. त्यामुळे छप्पर, दारं, काचा यांची मापं १९८६च्या गाडीवरून घ्या आणि पुढची जाळी-बंपर जुन्या फोटोंवरून. फक्त १९५४च्या 'डुक्कर फियाट'चे फोटो यात मिसळू देऊ नका. तिचं नाक वेगळं, पुढची दारंही उलटी उघडणारी. इंटरनेटवर सगळ्याच एका नावाखाली पडलेल्या असतात.

फोटो काढताना जवळ उभं राहून काढू नका. दहा-बारा मीटर मागे जा, झूम करा, कॅमेरा गाडीच्या निम्म्या उंचीवर ठेवा. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि डिकी लहान येते, आणि त्यावरून काढलेलं रेखाचित्र जन्मभर चुकीचं राहतं. व्हीलबेस २३४० मिलिमीटर, म्हणजे १:२४ मध्ये ९७.५. हे एक माप पक्कं धरून बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघा. थ्री-डी प्रिंटची फाइल विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी बाजूच्या चित्रावर व्हीलबेस आणि एकूण लांबीचं प्रमाण खऱ्या गाडीशी जुळतं का ते मोजा. पुष्कळ फाइली खेळण्यावरून केलेल्या असतात आणि त्यात छप्पर चपटं असतं.

चाकांसाठी किट शोधताना: डिलाइटचं टायर ५.२०-१४, म्हणजे रिम १४ इंची, १:२४ मध्ये साधारण १४.८ मिलिमीटर. तामिया या जपानी किट कंपनीच्या मिनी कूपरची १० इंची चाकं अगदीच बारीक दिसतील. तामियाच्या १९६६च्या बीटलची रिम १५ इंची, म्हणजे एक मिलिमीटरने मोठी, पण टायर अरुंद आणि उंच असल्यामुळे नजरेला चालून जातात. मी स्वतः रिम लेथवर कातून घेईन. अर्ध्या तासाचं काम आहे आणि जुनी गाडी जमिनीवर कशी उभी राहते हे सगळं चाकांवर ठरतं.

जाडीचा एक मुद्दा बरेच जण सोडून देतात. खऱ्या बॉडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. मॉडेलच्या बॉडीची भिंतही साधारण तेवढीच असते, म्हणजे प्रमाणात बघितलं तर जवळजवळ इंचभर जाड पत्रा झाला. सगळी भिंत पातळ करायची गरज नाही. चाकांच्या कमानी, खिडक्यांच्या चौकटी आणि बंपरमागची कड एवढ्या ठिकाणी आतून तासून कडा धारदार करा. डोळा जाडी फक्त कडेला मोजतो.

रंगाचंही तसंच. गाडीवरचा कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. तो प्रमाणात लहान केला तर ४ ते ६ मायक्रॉन होईल, आणि तेवढ्यात कुणालाच मारता येत नाही. म्हणून प्राइमर पातळ, रंगाचे थर पातळ, आणि दारा-बॉनेटच्या फटींच्या रेषा रंगाने बुजणार हे धरून आधीच थोड्या खोल करून ठेवायच्या. शेवटी १५००-२००० नंबरचा ओला पेपर आणि तीन टप्प्यांचं पॉलिशिंग कंपाउंड. कडांवर पेपर फिरवायचा नाही, तिथे रंग लगेच उडतो.

पावसाळ्यात लॅकर दुधाळ होतं ही तुमची तक्रार कोकण-मुंबईतल्या सगळ्यांचीच आहे. थिनर भरभर उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते. जुलैत रंगकाम टाळता आलं तर टाळा. नाहीच तर रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव्य) असलेला थिनर वापरा, मिस्टर कलर या ब्रँडचा लेव्हलिंग थिनर चांगला आहे, आणि थर आणखी पातळ ठेवा. दुधाळपणा आलाच तर कोरड्या दिवशी त्याच थिनरचा अगदी हलका फवारा मारला की बहुतेक वेळा रंग परत उघडतो. घासायला घेऊ नका.

आणि आजोबांच्या गाडीचा नेमका रंग? जुन्या रंगीत फोटोंवर भरवसा नको, ते वर्षांनी लालसर होतात. जुनं आरसी बुक किंवा त्याची झेरॉक्स घरात असेल तर त्यात रंग लिहिलेला असतो. छटेसाठी त्याच काळातल्या दुसऱ्या एखाद्या डिलाइटच्या डॅशबोर्डखाली, दाराच्या पुठ्ठ्यामागे किंवा डिकीच्या रबराखाली बघा. ऊन न लागलेला मूळ रंग तिथे सापडतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण ते प्रत्येक गाडीवर अवलंबून आहे. १९८६ची गाडी व्हिंटेज नोंदणीत बसत नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडीच त्यात येते. नवीन नोंदणीचे २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, व्हीए अक्षरांचा नंबर, आणि ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. आजोबांच्या गाडीसारखी १९६९ची डिलाइट त्यात बसेल. पण तुम्हाला ठाणे-चिपळूण चालवायची असेल तर साधी नोंदणीच हवी, म्हणजे दर पाच वर्षांनी पासिंग आणि नूतनीकरण. त्याची केंद्राची फी एप्रिल २०२२ मध्ये ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,००० केली गेली. वर राज्याचा पर्यावरण कर, पीयूसी, विमा, नवीन सुरक्षा नंबरप्लेट. सध्याचा आकडा आरटीओतच विचारा. पण चालू आरसी, मालकाचं तेच नाव आणि बॉडीवर ठोकलेला चेसी नंबर जुळत नसेल तर पुढचं काहीच बघू नका. कागद नसलेली गाडी स्वस्त मिळते आणि ती शोभेपुरतीच राहते.

चिपळूणला घरासमोर ठेवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. चार महिन्यांचा कोकणातला पाऊस, खालून ओली जमीन, आणि वरून प्लास्टिकचं कव्हर घातलंत तर आत वाफ कोंडून गंज दुप्पट वेगाने. शेड हवी, खाली कोबा हवा, बाजूंनी वारा खेळता हवा. ते बांधायची तयारी असेल तर त्याचा खर्च गाडीच्या किमतीत धरा. दुसरं म्हणजे गाडी महिनोन् महिने उभी राहता कामा नये. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुनी रबरं खातं. पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या, कार्बोरेटरचे पॅकिंग इथेनॉलला चालणारे बदलून घ्या, आणि आठवड्या-दोन आठवड्यांतून इंजिन पूर्ण तापेपर्यंत कुणीतरी गाडी खरोखर चालवली पाहिजे. नुसती जागेवर पाच मिनिटं सुरू ठेवली तर सायलेन्सरमध्ये पाणी साचण्यापलीकडे काही होत नाही. गावी वडील चालवतील का? चालवणार असतील तर माझा अर्धा विरोध मागे घेतो. नाहीतर ठाण्यातलं उघडं पार्किंगच परवडलं, निदान ती रोज तुमच्या नजरेसमोर राहील.

मालकाकडे जाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका, गार इंजिनच बघायचं आहे. चोक ओढून किती प्रयत्नांत सुरू होते, पहिला धूर निळा की पांढरा, तापल्यावर गिअर दुसऱ्यातून पहिल्यात ओढून बघितला तर हँडगिअर कुठे अडकतो, एवढं लिहून आणा. आणि मला चार फोटो दाखवा: दोन्ही रनिंग बोर्ड खालून, मागच्या पाट्याची पुढची जोडणी, आणि स्पेअर व्हील काढून डिकीचा तळ. छान धुतलेल्या गाडीचा समोरून काढलेला फोटो नको. या चार जागा कोरड्या आणि मूळ वेल्डच्या दिसल्या तर किमतीचं पुढे बोलू, आणि कमानीच्या कडेला कुठे चुंबक सुटला ते खडूने खूण करून त्याचाही फोटो काढा.